न्यायपीठ आले, बिऱ्हाडाचे काय?

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायपीठ आपल्या शहरात यावे म्हणून कोल्हापूरने चार दशकांहून अधिक काळ जो लढा दिला, तो अखेर फळास आला. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाजास आरंभ झाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी चुकली. या लढ्याचा इतिहास वाचकांस नव्याने सांगावयास नको. मोर्चे, उपोषणे आणि काळ्या फिती यांच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत. परंतु त्या साऱ्या वर्षांत जिच्याविषयी सभेत वा ठरावात कोणी चकार शब्द काढला नाही, अशी एक अगदी घरगुती गोष्ट आता पुढे येऊन उभी राहिली आहे. या न्यायपीठाच्या आधाराने जे लोक येथे येतील, ते राहतील कोठे?

नामांकित वकिलांची चिंता करण्याचे कारण नाही. ते उपाहारगृहात उतरतील, अथवा ताराबाई पार्कात किंवा नागाळा पार्कात एखादा प्रशस्त फ्लॅट घेतील. प्रश्न आहे तो त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या तरुण वकिलांचा, त्यांच्या कारकुनांचा, टंकलेखकांचा आणि बदली होऊन आलेल्या न्यायालयीन कर्मचाऱ्यांचा. सनद घेऊन दोन वर्षे झालेला कुडाळचा किंवा पंढरपूरचा मुलगा महिन्याकाठी जे मिळवितो, त्यात त्यास जेवणाचा डबा, प्रवास आणि खोलीचे भाडे भागवावयाचे असते. त्यास खोली मिळाली नाही, तर त्याच्या दृष्टीने उच्च न्यायालय मुंबईत असले काय आणि भाऊसिंगजी रस्त्यावर असले काय, अंतर सारखेच. आणि हे बेंच तात्पुरते आहे, दोन-चार वर्षांत गर्दी ओसरेल, असे जर कोणास वाटत असेल तर त्याने शेजारी पाहावे. औरंगाबादेस १९८१ मध्ये न्यायपीठ बसू लागले आणि १९८४ मध्ये ते कायम झाले. धारवाड व गुलबर्गा येथील सर्किट बेंच २००८ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये त्यांस कायम खंडपीठाचा दर्जा मिळाला. आलेले न्यायपीठ सहसा परत जात नाही.

या नव्या मागणीच्या आधीही कोल्हापुरात भाड्याच्या घरांस तोटा होता असे नव्हे, पण ती मिळविण्याची रीत मोठी विलक्षण होती आणि आहे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झाले तेव्हापासून राजारामपुरी, सागरमाळ, प्रतिभानगर या भागांत विद्यार्थ्यांच्या खोल्या झाल्या. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींनी उचगाव, उजळाईवाडी, मोरेवाडी, पाचगाव ही खेडी भरून टाकली. तरीही येथे घर मिळते ते बहुधा तोंडोतोंडी. कोणी कोणाच्या मामाचा स्नेही असतो, कोणी तालमीतला असतो, कोणी दूध घालणाऱ्याकडून ऐकलेले असते. 'माणूस आपला आहे' एवढे वाक्य येथे पुष्कळदा कराराचे काम करते. या रीतीत जिव्हाळा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याचा या शहरात कोणी मामा नाही, त्याने काय करावे? त्यास मग दलालाची पायरी चढावी लागते आणि एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून मोजूनही ज्याच्या घरात आपण जाणार, तो घराचा खरा मालक आहे की नाही, हे त्यास कळतेच असे नाही.

घरमालकाच्या बाजूनेही विचार करणे अवश्य आहे. कोल्हापुरातील घरमालक म्हणजे बहुशः कोणी गडगंज सावकार नव्हे. आयुष्यभर शाळेत शिकविलेल्या किंवा बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसाने प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांतून खाली आपल्यापुरते घर बांधले, वर दोन खोल्यांची माडी चढविली, आणि त्या माडीचे भाडे हेच त्याच्या म्हातारपणाचे निवृत्तिवेतन झाले, असा हा वर्ग आहे. या माणसाच्या मनात एक भय खोल रुतून बसलेले असते: 'एकदा घुसलेला भाडेकरू निघत नाही.' त्या भयापायी तो माडी रिकामी ठेवील, कुलूप लावील, पण अनोळखी माणसास देणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती. एकीकडे डोक्यावर छप्पर शोधणारी माणसे आणि दुसरीकडे धूळ खात पडलेली घरे, हे चित्र ज्या अनेक कारणांनी घडले, त्यांत या भयाचा वाटा लहान नाही.

हे भय निराधार आहे काय? एके काळी ते पूर्णपणे साधार होते. पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई झाली, तेव्हा १९१५ मध्ये इंग्लंडने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. ग्लासगोच्या कामगारवस्तीतील भाडेकरूंनी, विशेषतः तेथील स्त्रियांनी, भाडे न देण्याचा जो निर्धार केला, त्याने सरकारास जाग आली होती. १९१८ मध्ये तसाच कायदा मुंबईत आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर हे शहरही मुंबईच्या कायद्यांच्या छत्राखाली आले. या कायद्याने 'प्रमाण भाडे' ठरविताना सप्टेंबर १९४० चे भाडे आधारास धरले. फाळणीनंतरच्या आणि महागाईच्या त्या काळात हजारो कुटुंबांस या कायद्याने रस्त्यावर येण्यापासून वाचविले, हे त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण तात्पुरत्या संकटासाठी बांधलेला हा बांध पन्नास वर्षे तसाच उभा राहिला. सोन्याचा भाव कोठून कोठे गेला, मजुरी वाढली, विटा-सिमेंट महाग झाले, घरफाळा वाढला. भाडे मात्र गोठलेले. दुरुस्तीस पैसा नाही म्हणून वाडे खचू लागले. जुन्या पेठांतील धोकादायक इमारतींस पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेकडून ज्या नोटिसा जातात, त्यांपैकी कित्येकांच्या मुळाशी मालक आणि भाडेकरू यांचा तीन पिढ्यांचा अबोला असतो. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गोठविलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्या आहेत.

घरमालकांचा विश्वास मात्र त्यापूर्वीच, एका निराळ्या घटनेने उडाला होता. भाडेकरूचा हक्क निर्माण होऊ नये म्हणून पुष्कळ मालक 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे केवळ वापराच्या परवान्यावर घर देत असत. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक म्हणून राहत होते, त्या सर्वांस कायद्याने भाडेकरू ठरविले. ज्यांनी अकरा महिन्यांच्या बोलीने घर दिले होते, त्यांच्या घरात एका रात्रीत कायमचा भाडेकरू बसला. त्या दिवशी जो धडा घरमालकांनी घेतला, तो त्यांनी मुलांस सांगितला आणि मुलांनी नातवांस. आजही एखादी आजी 'भाडेकरू ठेवू नका रे' म्हणते, तेव्हा ती कोणत्या कायद्याविषयी बोलत आहे, हे तिला ठाऊक नसते. पण ती १९७३ विषयी बोलत असते.

तो काळ गेला, हीच गोष्ट या शहरास अद्याप नीट उमगलेली नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आहे. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने बहुतांशी कायम ठेवले. तथापि राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या घरांपुरता त्याने पारडे उघड उघड मालकाकडे झुकविले. या कायद्याच्या चोविसाव्या कलमानुसार मुदत संपताच घर रिकामे करून मिळण्याचा मालकास हक्क आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागत नाहीत. सक्षम प्राधिकाऱ्यापुढे अर्ज करावयाचा असतो आणि लेखी करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदत उलटूनही जो राहील, त्यास भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. इतके संरक्षण हाती असताना घरमालक भितो कशास? याचे उत्तर एकच आहे. हे सारे संरक्षण ज्या कागदावर उभे आहे, तो कागदच त्याच्याजवळ नसतो.

पंचावन्नावे कलम सांगते की, लीव्ह अँड लायसन्सचा असो वा भाडेपट्ट्याचा असो, करार लेखी असला पाहिजे आणि नोंदविला गेला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटीशर्तींवर घर दिले याविषयी भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाईल. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. म्हणजे ज्या मालकाने 'कागद केला तर भाडेकरू चिकटेल' या समजुतीने कागद टाळला, त्याने आपल्याच हाताने भाडेकरूच्या तोंडचा शब्द कायदा करून टाकला. इतकी उफराटी सावधगिरी दुसऱ्या कोणत्या व्यवहारात आढळणार नाही!

अकरा महिन्यांच्या कराराविषयीची समजूतही अशीच जुनी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची होती. ती चुकविण्यासाठी अकरा महिने हा आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात २००० सालापासून ही पळवाट बंद झाली आहे. मुदत अकरा महिन्यांची असो की अकरा दिवसांची, घर दिले की नोंदणी आली. कोर्टाच्या आवारात मुद्रांकाचा कागद घेऊन नोटरीपुढे सही-शिक्का केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे, हे आज कोल्हापुरातील किती सुशिक्षित घरांस ठाऊक आहे? वकिलांच्याच घरी याचा शोध घेतला, तर कदाचित मौजेची माहिती हाती येईल.

खर्चाची सबब तर मुळीच टिकणारी नाही. समजा, दरमहा १०,००० रुपये भाडे, ५०,००० रुपये अनामत आणि मुदत अकरा महिने. एकूण भाडे १,१०,००० रुपये झाले. अनामतीवर सालीना दहा टक्क्यांनी धरलेले व्याज त्यात मिळवावयाचे आणि येणाऱ्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क भरावयाचे. ते होते सुमारे ३०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५०० रुपये. ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक व बोटाचा ठसा देऊन हे काम घरबसल्याही उरकते; मध्यस्थ घेतलाच तर त्याची मजुरी वेगळी. जो मालक पन्नास हजारांची अनामत घेतो, त्यास आणि जो ती देतो, त्यास या खर्चाचा निम्मा-निम्मा वाटा जड जावा, असे म्हणता येणार नाही. खरे कारण खर्च हे नसून, कागद झाला की घरफाळा वाढेल, आयकरवाला विचारील, ही धास्ती आहे. तिला उत्तर एवढेच की, आयकराच्या कायद्यात घरभाड्याच्या उत्पन्नातून तीस टक्क्यांची वजावट सरसकट मिळते; आणि जो चार पैसे लपविण्यासाठी कागद करीत नाही, त्याने उद्या घर अडले म्हणून सरकारच्या नावाने बोटे मोडू नयेत.

घर शोधणाऱ्याने या सर्वातून काय घ्यावे? पुष्कळसे लोक घर शोधावयास निघतात ते अगदी हातघाईस येऊन. कॉलेज सोमवारी सुरू व्हावयाचे आणि शनिवारी दुपारी खोली पाहावयास यायचे, अशी स्थिती असली की मालक म्हणेल ते भाडे आणि दलाल म्हणेल ती दलाली. निदान महिनाभर आधी शहरात एक फेरी करावी. ज्या घराची अनामत द्यावयाची, त्याच्या मालकाच्या नावाची घरफाळ्याची अलीकडील पावती, मिळकत पत्रिका आणि विजेचे बिल पाहावयास मागण्यात कसलाही अपमान नाही. मालक पुण्यास किंवा परदेशी असेल आणि त्याचा भाऊ व्यवहार करीत असेल, तर मुखत्यारपत्र पाहावे. अनामत व भाडे बँकेतून द्यावे, रोख देऊ नये. पाणी कोणत्या वेळी येते, मोटारीचे बिल कोणाकडे, टाकी कोण धुणार, सोडून जाताना रंगरंगोटीच्या नावाखाली अनामतीतून किती कापणार, मुदतीआधी सोडावयाचे झाल्यास किती दिवसांची सूचना, या क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवरच पुढे बोलाचाली होते. म्हणून त्या करारातच असाव्या. भिंतीवरील ओलीचे डाग आणि फुटलेली फरशी यांची छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढून मालकास पाठविली, तर अकरा महिन्यांनी होणारा वाद जन्मासच येत नाही. अनामतीवर मात्र महाराष्ट्रात कायद्याचा लगाम नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेऊ नये असे सुचविले आहे खरे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्यावाचून तो बांधील होत नाही. तोवर घासाघीस हाच उपाय.

परगावच्या माणसास कोल्हापुरात आणखी एक गोष्ट विचारावी लागते, आणि ती कोणत्याही छापील करारात सापडावयाची नाही. ती म्हणजे पंचगंगेचे पाणी. राजाराम बंधाऱ्यावर नदी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे येथील शाळकरी पोरांसही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती ५५ फुटांच्याही पलीकडे गेली. दुधाळी, सुतारमळा, शुक्रवार पेठेचा नदीकडील भाग, शाहूपुरीतील कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, रमणमळा, या भागांत पाण्याने काय केले ते ज्यांनी पाहिले, ते विसरणार नाहीत. परंतु एप्रिल-मे महिन्यांत घर पाहावयास आलेल्या माणसास यातील काही दिसत नाही. भिंतींस नवा रंग असतो, भाडे थोडे कमी असते, न्यायालय चालत जाण्याच्या अंतरावर असते. तो खूष होऊन अनामत देतो. जुलैच्या अखेरीस पहाटे तीन वाजता शेजारी दार ठोठावून 'पाणी चढतंय, वर या' असे सांगतात, तेव्हा त्याला शहराचा भूगोल कळतो. म्हणून मालकास नव्हे, तर समोरच्या दुकानदारास विचारावे: एकोणीसला पाणी कोठवर होते? एकवीसला? तो हाताने भिंतीवरची खूण दाखवील. पूररेषेच्या नकाशापेक्षाही ती खूण भरवशाची. आणि त्या भागातच घर घेणे भाग असेल, तर पुरामुळे घर सोडावे लागल्यास त्या दिवसांचे भाडे कोणी सोसावे, हेही करारात लिहून घ्यावे. असे कलम आम्ही तरी क्वचितच पाहिले आहे. या शहरात ते प्रत्येक करारात असावयास हवे.

पण कागद तयार आहेत, पैसे तयार आहेत, घर पुराच्या रेषेबाहेर आहे, आणि तरीही घर मिळत नाही, असा एक मोठा वर्ग आहे. त्याच्याविषयी लिहिताना संकोच वाटतो. कारण दोष कायद्याचा नाही, आपला आहे. नाव विचारले जाते; नावावरून कळले नाही तर आडनाव; आडनावावरून कळले नाही तर गाव, आणि मग 'घरात काय चालतं?' असा प्रश्न. ज्या शहराने तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा झेंडा साऱ्या महाराष्ट्रात नाचविला, त्याच शहरात 'फक्त शाकाहारी कुटुंबास' अशी पाटी दिसावी, हा विनोद आहे. पण ज्यास ती पाटी वाचून परत फिरावे लागते, त्यास हसू येत नाही. शाकाहार हा पुष्कळदा बुरखा असतो आणि त्याच्याआड विचारलेली असते ती जात, किंवा धर्म. एकट्या स्त्रीस तर याहून कठीण. उच्च न्यायालयात उभी राहून दुसऱ्याच्या हक्कासाठी भांडणारी तरुण वकील संध्याकाळी घर पाहावयास जाते, तेव्हा तिला 'रात्री किती वाजता येणार?' याचे उत्तर द्यावे लागते. अन्यायाविरुद्ध दाद मागण्यासही येथे फारशी जागा नाही. संविधानाचे पंधरावे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांस खुले करते. खाजगी घराच्या उंबऱ्यापाशी ते थांबते. २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, आपल्याच समाजातील लोकांस सभासद करण्याचा त्या संस्थेचा नियम वैध ठरविला होता.

कोल्हापूरास हा प्रश्न नवा नाही. किंबहुना या प्रश्नावर देशात सर्वांआधी ज्याने हात घातला, तो राजा याच शहराचा. गरीब मुलांस शाळेत प्रवेश देऊन भागत नाही, त्यांस शहरात राहावयास जागा लागते, ती जागा कोणी देत नाही, आणि म्हणून शाळा उघडी असूनही त्यांच्यासाठी ती बंदच असते, हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. १८९६ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींस खुले असे वसतिगृह काढून पाहिले; व्यवहारात ते ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उरले. मग १९०१ पासून त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करविली, जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. कोल्हापूरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते यावरून. ती वसतिगृहे जातवार होती, असा आक्षेप घेणारे आजही भेटतात. महाराज जातवार विचार करीत होते म्हणून नव्हे, तर शहर जातवार दारे लावून बसले होते म्हणून ती तशी झाली. त्यांस एकच वसतिगृह हवे होते. ते शहरास पेलले नाही. सव्वाशे वर्षांनी तेच शहर पुन्हा सहा जिल्ह्यांतील मुलामुलींस बोलावीत आहे, आणि दारांची तपासणी पुन्हा होत आहे.

यात घरमालकांस उपदेश करून सारे भागेल, असे आम्ही मानीत नाही. जागाच अपुरी असेल तेथे निवड करणाऱ्याचा मस्तवालपणा वाढतो. जागा वाढली की तो आपोआप उतरतो. डिसेंबर १९७२ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हाची ६६.८२ चौरस किलोमीटरची हद्द अर्धशतकभर तशीच राहिली. हद्दवाढीचा वाद पेटत आणि विझत राहिला. तडजोड म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण निघाले. या भांडणात वस्ती थांबून राहिली नाही. ती वाट फुटेल तशी गेली. परिणाम असा की, पाचगाव किंवा मोरेवाडीत घर घेणारा माणूस शहरात कामास येतो, शहराच्या रस्त्यांवर चालतो आणि पाण्याच्या टँकरसाठी ग्रामपंचायतीकडे पाहतो. प्राधिकरणाने भाड्याने देण्यासाठीच्या लहान घरांस बांधकामाच्या परवानगीत काही सवलत देण्याचा विचार करावा. महापालिकेनेही, नोंदणीकृत करार दाखविणाऱ्या घरमालकाचा घरफाळा लहान राहत्या घरापुरता वाढणार नाही, असे स्पष्ट जाहीर केले, तर किती बंद माड्यांची कुलुपे निघतील, याचा अंदाज एका वर्षातच येईल.

वकील संघटनांचा वाटाही यात आहे. ज्यांनी न्यायपीठासाठी सहा जिल्ह्यांचे वकील एका मांडवात आणले, त्यांस परगावच्या कनिष्ठ वकिलांसाठी खोल्यांची एक नोंदवही ठेवणे अवघड नाही. मालक त्यात नाव नोंदवील, संघटना भाडेकरूची ओळख देईल, आणि करार तेथेच नोंदविला जाईल. ज्या घरमालकास कायद्याचे भय वाटते, त्यास कायदा समजावून सांगण्यास वकिलांहून योग्य कोण?

कायम इमारतीसाठी शेंडा पार्कातील जागेचा विचार झालेला आहे. तेथील आराखडा करताना न्यायदालने, ग्रंथालय, वाहनतळ आणि न्यायाधीशांची निवासस्थाने यांस जागा मिळेलच; त्याविषयी कोणास आठवण करून द्यावी लागत नाही. त्याच नकाशात बाहेरगावच्या पक्षकारांसाठी दोन रात्री टेकण्यापुरती एक साधी धर्मशाळा, आणि उमेदवारी करणाऱ्या वकिलांसाठी, त्यांत स्त्रियांसाठी वेगळे, असे वाजवी भाड्याचे वसतिगृह आताच आखून घेतले पाहिजे. पाया खणल्यानंतर अशा गोष्टींस जागा उरत नाही.